सत्त्याऐंशीचे भाषांतर : पेट्रोलचा भाव, प्रत आणि तुलनेचा इतिहास

पेट्रोलचे भाव वाढू लागले की वृत्तपत्रांत एक चौकट हटकून छापली जाते. डाव्या रकान्यात देशांची नावे, उजव्या रकान्यात दर लिटरचा भाव, रुपयांत रूपांतरित केलेला. नॉर्वे, ब्रिटन वरच्या बाजूस. व्हेनेझुएला, इराण तळाशी. आणि आपण मध्ये कुठेतरी. सत्ताधाऱ्यांचे समर्थक वरच्या नावांकडे बोट दाखवतात, विरोधक खालच्या नावांकडे. वाद रंगतो, परंतु दोन्ही पक्षांचे एक गृहीत समान असते. एक लिटर पेट्रोल ही जगभर एकच वस्तू आहे आणि तिच्यासमोर लिहिलेला आकडा ही तिची किंमत आहे, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात हेच गृहीत आम्ही तपासून पाहणार आहोत.

मराठीच्या अध्यापकांनी या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात तुलनेचा आहे. तौलनिक साहित्याभ्यास शिकवताना पहिल्याच तासाला आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, तुलना करण्यापूर्वी तुलनीयता सिद्ध करावी लागते. दोन भाषांत 'कादंबरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन कृती एकाच मापाने मोजता येतील, असे गृहीत धरून चालत नाही. पेट्रोलच्या आकड्यांनाही हाच नियम लागू पडतो. मोजले किती, मोजले काय, आणि दाम कोणी मोजले, या तीन प्रश्नांची उत्तरे देशागणिक बदलत गेली आहेत. आणि ती का बदलली याला इतिहास आहे.

१. नाव आणि माप

ज्या द्रवाचा भाव आपण ताडून पाहतो, त्याला जगात एक नाव नाही. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ते पेट्रोल, अमेरिकेत गॅसोलीन, आणि बोलण्यात नुसते गॅस, जर्मनीत बेन्झिन, फ्रान्समध्ये एसाँस, अर्जेंटिनात नाफ्ता. फ्रेंचमधील 'पेत्रोल' म्हणजे जमिनीतून निघणारे खनिज तेल, आणि जर्मनमधील 'पेट्रोलेउम' म्हणजे बहुधा दिव्यात घालायचे तेल, आपले रॉकेल. फ्रेंच किंवा जर्मन कादंबरी मराठीत आणणाऱ्याला येथे ठेच लागण्याची शक्यता मोठी! जर्मन 'बेन्झिन' हा शब्द मोटारीचा जनक कार्ल बेन्झ याच्या नावावरून आला असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः तो बेन्झच्या जन्माआधीचा आहे. १८३० च्या दशकात आइलहार्ड मित्शरलिख या रसायनशास्त्रज्ञाने बेन्झोइक आम्लापासून मिळवलेल्या एका द्रवाला ते नाव दिले. त्या आम्लाचे नाव एका सुगंधी राळेवरून आलेले, आणि त्या राळेच्या नावाचे मूळ अरबीतील 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान. धूप घालण्याच्या पदार्थाचे नाव अशा रीतीने मोटारीच्या टाकीत उतरले.

आपल्याकडच्या शब्दांतही त्या काळाची खूण आहे. 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'चे, तर 'घासलेट' हे 'गॅसलाइट'चे मराठी रूप. दोन्ही शब्द दिव्याशी निगडित आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात खनिज तेलाचा खरा व्यापार उजेडाचा होता. रॉकेल काढताना जो अतिज्वालाग्राही, हलका अंश उरे, तोच पुढचा पेट्रोल. त्याला गिऱ्हाईक नसल्याने अनेक कारखाने तो नदीनाल्यांत सोडून देत. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ ही कार्लची पत्नी मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा वाटेत वीसलोख गावी तिने इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातून. डाग काढण्यासाठी वापरला जाणारा तो द्रव होता. त्याची ना प्रत ठरलेली होती, ना त्याच्या भावाची पाटी कुठे लागत होती.

भावाची पाटी आली ती मापाला बांधलेली होती, आणि माप जागोजागी वेगळे होते. अमेरिकेचा गॅलन म्हणजे २३१ घन इंच, सुमारे ३.७८५ लिटर. हे माप इंग्लंडच्या ॲन राणीच्या काळात, १७०७ मध्ये, वाइन मोजण्यासाठी कायद्याने ठरले होते. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तिने ते जुने माप जवळ ठेवले. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने नवा 'इंपीरियल' गॅलन आणला : दहा पौंड वजनाचे पाणी मावेल एवढा, सुमारे ४.५४६ लिटर. म्हणजे साम्राज्याचा गॅलन अमेरिकेच्या गॅलनहून विसांश नव्हे, चांगला पंचमांशाने मोठा. कॅनडा १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंपीरियल गॅलन वापरत होता. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पाटीवर शब्द एकच, 'गॅलन'. आणि त्या शब्दात मावणारे पेट्रोल वेगवेगळे. समानार्थी शब्द सर्वांत जास्त दगा देतात तो असा. खनिज तेलाचा भाव ज्या पिंपावर सांगतात ते पिंपही अमेरिकी ४२ गॅलनांचे, सुमारे १५९ लिटरचे आहे. जगातील बहुतेक देश लिटरवर आले, तरी तेलाचा व्यापार त्या जुन्या पिंपातून बाहेर पडलेला नाही.

माप जुळवणे मात्र अवघड नाही. त्याला गुणाकार पुरतो. अडचण सुरू होते ती त्या मापात काय ओतले आहे, हे विचारल्यावर.

२. ऑक्टेन : एक उपमा

'प्रत' हा मराठी शब्द मोठा अर्थवाही आहे. हस्तलिखिताची प्रत आणि मालाची प्रत, दोन्ही एकाच शब्दात सामावतात. पेट्रोलच्या बाबतीत ही प्रत सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. तो नीट समजून घेतल्याशिवाय दोन देशांच्या भावांची तुलना म्हणजे संहिता न पाहता केलेले समीक्षण ठरेल.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके काम अधिक मिळते. परंतु दाब आणि उष्णता फार वाढली की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो, इंजिन ठोकल्यासारखे वाजते आणि कालांतराने खराब होते. यालाच नॉकिंग म्हणतात. निरनिराळी पेट्रोले ही प्रवृत्ती कमीअधिक दाखवत. पण ती मोजायची कशी? १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्यावर तोड काढली. नॉकिंगला उत्तम दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण द्यायचे आणि लगेच नॉकिंग करणाऱ्या हेप्टेन या द्रवाला शून्य. मग ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे काय? ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण प्रयोगाच्या इंजिनात जसे वागेल, तसे वागणारे पेट्रोल. त्यात प्रत्यक्ष आयसो-ऑक्टेन किती आहे, हा प्रश्नच गैरलागू आहे.

म्हणजे ऑक्टेन ही मुळात एक उपमा आहे. पेट्रोल हे उपमेय, प्रमाणित मिश्रण हे उपमान, आणि नॉकिंगला केलेला प्रतिकार हा साधारण धर्म. उपमेय उपमानाहून सरस ठरू शकते, त्याप्रमाणे शंभराच्या वरचे ऑक्टेनही असू शकते. परंतु कोणतीही उपमा एका विशिष्ट परिस्थितीत खरी असते. तशी ही उपमाही दोन निरनिराळ्या परिस्थितींत तपासली गेली आणि तेथून देशादेशांचे आकडे वेगळे झाले. एका पद्धतीत, जिला 'रिसर्च' म्हणतात, प्रयोगाचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालवतात. दुसऱ्या, 'मोटर' पद्धतीत ते ९०० फेऱ्यांनी चालते आणि मिश्रण आधीच बरेच तापवलेले असते. दुसरी परीक्षा कडक, म्हणून तेच पेट्रोल तिच्यात बहुधा आठ-दहा गुणांनी कमी ठरते. युरोप आणि भारत पहिल्या पद्धतीचा आकडा पाटीवर लिहितात. अमेरिका दोन्हींची सरासरी लिहिते. सोव्हिएत संघात तर दोन्ही पद्धती एकाच पंपावर नांदत : 'आ-७६' हा आकडा मोटर पद्धतीचा, आणि 'आई-९३' हा रिसर्च पद्धतीचा. मधले 'ई' हे अक्षर ती पद्धत सुचवणाऱ्या रशियन शब्दाचे आद्याक्षर. ज्याला ते अक्षर वाचता येई, त्यालाच तो आकडा कळे.

आता ८७ हा एकच आकडा घेऊ. अमेरिकेत ८७ म्हणजे साधे पेट्रोल; ते युरोपीय हिशेबाने सुमारे ९१ ते ९२ भरते. भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत साध्या पेट्रोलचा आकडा ८७ हाच होता, परंतु तो रिसर्च पद्धतीचा. म्हणजे अमेरिकी ८७ हून खालच्या प्रतीचा. २००० मध्ये तो ८८ झाला आणि भारत-३ मानकांबरोबर ९१. अमेरिकेतून परतलेला एखादा अभियंता 'तेथे अजून सत्त्याऐंशीच विकतात, आपण एक्क्याण्णवपर्यंत आलो' असे म्हणू लागला, तर तो दोन भाषांतले दोन शब्द एकाच कोशात शोधतो आहे. त्याचे एक्क्याण्णव आणि त्यांचे सत्त्याऐंशी ही जवळपास एकच वस्तू आहे. युरोपचे ९५ हे अमेरिकेच्या पाटीवर ९० च्या आसपास येईल. रॉकी पर्वतातील उंचावरच्या राज्यांत ८५ चे पेट्रोल साधे म्हणून विकले जाते, कारण तेथे हवा विरळ असल्याने जुन्या इंजिनांत मिश्रणावर दाब कमी पडत असे. आकडा असा मुलूख सोडून हिंडू लागला की त्याचा अर्थ पालटतो.

पाटीवरील शब्दांनी तर अधिकच घोळ घातला. ब्रिटनमध्ये १९६७ पासून पेट्रोलला तारे देण्यात आले : दोन तारे, तीन तारे, चार तारे. तारे म्हटले की गुणवत्ता आली. आपल्याकडील 'स्पीड', 'पॉवर', 'एक्स्ट्राप्रीमियम' ही नावेही वेग आणि बळ सुचवतात. प्रत्यक्षात ऑक्टेन हा शक्तीचा किंवा शुद्धतेचा आकडा नव्हे. ज्या इंजिनाची रचना ९१ साठी झाली आहे त्यात ९७ घातल्याने सामान्यतः विशेष काही साधत नाही. जास्त ऑक्टेन लागते ते जास्त दाबाच्या इंजिनाला. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे इंधन वापरण्यास आरंभ केला आणि त्याच इंजिनांना अधिक दाब सोसणे शक्य झाले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेव्हा ऑक्टेन हा राष्ट्रांच्या सामर्थ्याचा आकडा झाला. त्यानंतरच्या शांततेच्या काळात तो मोटारींच्या जाहिरातींत शिरला.

३. आकडा वाढवण्याची किंमत

ऑक्टेन वाढवायचे कसे, या प्रश्नाला १९२० च्या दशकात जे उत्तर दिले गेले, तो आमच्या मते या इतिहासाचा गाभा आहे. भावाच्या कोणत्याही चौकटीत न आलेली किंमत येथे दडलेली आहे.

डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली याला असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी अल्प प्रमाणात मिसळल्यास नॉकिंग थांबते. मद्यार्क मिसळूनही नॉकिंग कमी होते, हे त्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. परंतु मद्यार्क कोणीही शेतमालापासून काढू शकत होता आणि त्याचे प्रमाण बरेच लागे. शिशाचे मिश्रण चिमूटभर लागे आणि त्याच्या वापराचे एकस्व घेता येत होते. शिसे विषारी आहे, हेही नवे ज्ञान नव्हते. प्राचीन काळापासून ते माणसाला माहीत आहे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे हे पेट्रोल विक्रीस आले. त्याला नाव देण्यात आले 'एथिल'. रसायनाच्या नावातील दोन शब्दांपैकी निरुपद्रवी शब्द ठेवला आणि 'लेड' म्हणजे शिसे हा शब्द गाळला. शब्दांचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गाळलेल्या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. एका शब्दाच्या अध्याहारावर एवढा मोठा व्यापार क्वचितच उभा राहिला असेल.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, झटके येऊ लागले. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच कामगार दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर चोळून आणि हुंगून दाखवले. आदल्या वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेतून बरे होण्यासाठी रजेवर गेला होता. न्यूयॉर्कसह काही ठिकाणी बंदी आली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी आरोग्यप्रमुखांनी परिषद बोलावली. तेथे औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी धोक्याचा इशारा दिला. उद्योगाच्या प्रतिनिधीने हे द्रव्य म्हणजे ईश्वरी देणगी असल्याचे सांगितले. त्यानंतर नेमलेल्या समितीने जानेवारी १९२६ मध्ये निष्कर्ष काढला की बंदीसाठी पुरेसा आधार नाही, मात्र सरकारी खर्चाने पुढील अभ्यास चालू ठेवावा. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा अभ्यास मात्र कित्येक दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशाने होत राहिला.

वाचकांनी येथे काळाचा क्रम ध्यानात घ्यावा. ऑक्टेनची मोजपट्टी तयार करणारा एडगर हाही एथिल कंपनीच्याच सेवेत होता. म्हणजे शिसे आधी आले आणि शिशाची करामत दाखवणारा आकडा मागाहून. आज पंपावर आपण निःशंक मनाने वाचतो तो आकडा या व्यापाराच्या पोटी जन्मला आहे.

शिशाचा हिशेब पुन्हा मांडला तो क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने. १९५६ मध्ये त्याने उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. ते काम करताना त्याला प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे सापडू लागले. हवेत, धुळीत, माणसाच्या त्वचेवर. १९६५ मध्ये त्याने मांडले की, ज्याला आपण शरीरातील शिशाचे 'स्वाभाविक' प्रमाण समजतो ते मुळीच स्वाभाविक नाही. पुढे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले आणि ज्या मुलांच्या दातांत शिसे अधिक त्यांची आकलनाची व लक्ष देण्याची क्षमता कमी, असा संबंध दाखवला. अमेरिकेत १९७५ नंतरच्या बहुतेक नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होत, म्हणून शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. १९७६ ते १९८० या काळात तेथील लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. यंत्र वाचवण्यासाठी उचललेल्या पावलाने मुले वाचली, हा या कथेतील विरोधाभास.

आता देशांची चौकट पुन्हा मांडू. या वेळी रुपयांऐवजी शिसे सोडल्याच्या वर्षांची. जपान सर्वांत आधी, १९८० च्या दशकात. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण बंदी १९९६ मध्ये. ब्रिटनमध्ये चार तारे १९९९ च्या अखेरीस मावळले. भारतात सर्वोच्च न्यायालयापुढे एम. सी. मेहता यांनी चालवलेल्या याचिकेच्या रेट्यामुळे एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मोहीम आरंभली तेव्हा शंभराहून अधिक देश ते वापरत होते. अल्जीरिया हा शेवटचा देश. तेथील पंपांवरून ते जुलै २०२१ मध्ये गेले. ज्या ब्रिटनने आपल्या रस्त्यांवरून शिसे हटवले, तेथेच कारखाना असलेली इनोस्पेक ही कंपनी ते परदेशी विकत राहिली, आणि इराक व इंडोनेशियातील अधिकाऱ्यांना त्यासाठी लाच दिल्याची कबुली तिने २०१० मध्ये न्यायालयात दिली. इंडोनेशियातून शिसे २००६ मध्ये गेले. एका देशाची प्रत सुधारते तेव्हा तिचा गाळ दुसऱ्या देशाच्या वाट्याला येऊ शकतो. भावाच्या चौकटीत या वर्षांसाठी रकाना नसतो.

४. भावात साचलेला इतिहास

पाटीवरचा भाव म्हणजे तेलाची किंमत अधिक राज्यसंस्थेची इच्छा. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये रस्त्यांसाठी गॅलनमागे एक सेंटचा कर बसवला. ब्रिटनने त्याआधी, १९०९ च्या अर्थसंकल्पात, गॅलनमागे तीन पेन्स. दोन्ही देश एकाच तर्काने निघाले, पण पुढे वाटा फुटल्या. अमेरिकेचा संघीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थबकून आहे. ब्रिटनने त्याच १९९३ मध्ये दरवर्षी महागाईहून अधिक कर वाढवण्याचे धोरण घेतले. सप्टेंबर २००० मध्ये वाहतूकदारांनी आणि शेतकऱ्यांनी तेथील तेलसाठे अडवले, तेव्हा पेट्रोलच्या भावातील तीन-चतुर्थांश वाटा कराचा होता.

इटलीचा भाव तर भूस्तरांप्रमाणे वाचावा असा आहे. १९३५ मध्ये अबिसिनियावरील स्वारीसाठी लिटरमागे कर बसला. १९५६ च्या सुएझ संकटासाठी एक, १९६३ च्या व्हायोंत धरणाच्या दुर्घटनेसाठी एक, १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरासाठी एक. मग १९६८, १९७६ आणि १९८० च्या भूकंपांसाठी. १९९५ मध्ये कायद्याने हे सर्व थर एका करात विलीन झाले. पैसे पुढेही घेतले जात राहिले. त्या देशातला वाहनचालक टाकी भरताना मुसोलिनीच्या युद्धाचाही हप्ता भरतो, असे तेथे उपहासाने म्हणतात.

हे परक्यांचे कौतुक म्हणून वाचू नये. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसवला. पुढच्या वर्षी मराठवाड्यात पाऊस चांगला झाला, तरी अधिभार उतरला नाही. एप्रिल २०१७ मध्ये तो आणखी वाढला, आणि त्या वेळी निमित्त होते महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाल्याने बुडालेल्या महसुलाचे. संकट सरते, कर राहतो, हा नियम टायबरकाठी आणि गोदाकाठी सारखाच आहे. याउलट २०१२ मध्ये गोव्याच्या शासनाने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ पूर्ण काढला आणि भाव लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी खाली आला. पत्रादेवीच्या नाक्याच्या दोन बाजूंना एकाच देशातील, एकाच प्रतीच्या पेट्रोलचे दोन भाव झाले. भारतात पेट्रोलचा भाव जून २०१० पासून बाजाराशी आणि जून २०१७ पासून रोजच्या बदलाशी जोडला आहे, पण पेट्रोल वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर असल्याने राज्यागणिक भेद राहतोच. तेव्हा 'भारतातील भाव' ही संज्ञाही काटेकोर अर्थाने एकवचनी नाही.

चौकटीच्या तळाशी असलेल्या देशांचे काय? व्हेनेझुएलात २७ फेब्रुवारी १९८९ रोजी पेट्रोलच्या आणि त्यापाठोपाठ बसभाड्याच्या वाढीने काराकास पेटले. दंगलीत आणि सैन्याच्या गोळीबारात शेकडो माणसे मेली. त्या आठवणीने पुढची सरकारे भावाला हात लावायला धजेनात. फेब्रुवारी २०१६ मध्ये जवळजवळ वीस वर्षांनी तो बदलला, तोवर ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लिटरमागे ०.०९७ बोलिव्हारला मिळे. सरकारी विनिमयदराने अमेरिकेचा दीड सेंट. नॉर्वेत विकले जाणारेही ९५ ऑक्टेनचेच. दोन्ही देश तेल निर्यात करणारे. एकाने तेलाचे उत्पन्न भावी पिढ्यांच्या निधीत घालून पेट्रोलवर भरपूर कर लावला. दुसऱ्याने ते टाकीतच परत ओतले. त्या स्वस्ताईचा लाभ ज्याच्याकडे मोटार आहे त्याला, आणि सीमेपलीकडे कोलंबियात कॅन भरून नेणाऱ्यांना. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्या वाट्याला औषधांवाचूनचे दवाखाने आले. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये भाव एका रात्रीत वाढवला गेला, तेव्हा उसळलेल्या आंदोलनात पुन्हा शेकडो बळी गेले. वाढीव भावही तेव्हा चौकटीच्या तळाशीच होता. तळाचा भाव ही त्या देशांत एक न लिहिलेली सनद असते : आम्ही तुम्हाला हक्क देणार नाही, पेट्रोल देऊ. सनद मोडली की रक्त सांडते.

५. लिटरची पुन्हा फोड

या इतिहासाचे एक वर्तुळ आपल्या डोळ्यांदेखत पुरे होत आहे. १९२१ मध्ये ज्या मद्यार्काला बाजूला सारले, तोच इथेनॉल या नावाने पंपावर परत आला आहे. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासूनच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि २०१५ मध्ये तेथील पेट्रोलमधील प्रमाण २७ टक्क्यांवर नेले. भारताने २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. या इथेनॉलचा काही भाग उसाचा असल्याने महाराष्ट्रातील साखर कारखाने त्यात थेट गुंतले आहेत. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, आणि वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलसाठी ९५ ची अट आहे. मात्र लिटरमागे त्यातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे आकडा वर गेला आणि त्याच लिटरात कापता येणारे अंतर किंचित घटले. ब्राझीलचा लिटर, जर्मनीचा लिटर आणि आपला लिटर आता मापाने सारखे असूनही आशयाने वेगळे आहेत. उसासाठी लागणारे पाणी कोणाच्या विहिरीतून आले, हा हिशेब तर अजून मांडायचाच आहे, आणि तो मांडताना शिशाच्या वेळचा अनुभव विसरता कामा नये. तेव्हाही आकडा वाढला होता, आणि किंमत ज्यांनी दिली त्यांची नावे पाटीवर नव्हती.

मग तुलना करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. भाषांतर अवघड आहे म्हणून कोणी भाषांतर सोडत नाही. ते अधिक जबाबदारीने करतो, इतकेच. भावांची चौकट छापणाऱ्याने मापाबरोबर प्रतीची पद्धत सांगावी, करांचा वाटा वेगळा दाखवावा, आणि एका दिवसाच्या मजुरीत त्या देशातला मजूर किती लिटर घेऊ शकतो हे जोडावे. रुपयांत रूपांतर केलेला ओस्लोचा भाव ओस्लोच्या पगाराशी ताडला तरच त्याला अर्थ येतो. आणि वाचणाऱ्याने, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांनी, कोणत्याही आकड्यासमोर तोच प्रश्न विचारावा जो ते कवितेसमोर विचारतात : येथे कोणता शब्द गाळला आहे? 'एथिल' या नावातून गाळलेला एक शब्द परत लिहायला जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.